उन्हाळी विज्ञान संशोधन इंटर्नशिप: अर्धा अर्ज दुसऱ्यांच्या हातात असतो

शाळेत शिकणाऱ्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत खऱ्याखुऱ्या प्रयोगशाळेत संशोधन करायला मिळावं, यासाठीचे कार्यक्रम बरेच जुने आहेत. लघुग्रहांची निरीक्षणं घेऊन त्यांची कक्षा काढायला शिकवणारा ‘समर सायन्स प्रोग्राम’ १९५९ पासून चालू आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात होणारी ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’, म्हणजे आरएसआय, १९८४ ची. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातला ‘सायमन्स’ कार्यक्रमही त्याच वर्षीचा. यांच्या अर्जात हुशारी दाखवायची जागा असते, नाही असं नाही. पण अनेक अर्ज त्याआधीच बाद होतात, एखादी अट न वाचल्यामुळे किंवा एखादं पत्र वेळेत न पोचल्यामुळे.

आधी तारखांचं बघू. ‘उन्हाळी’ म्हणजे इथे उत्तर गोलार्धातला जून ते ऑगस्ट. अर्ज मात्र ऐन हिवाळ्यात घेतले जातात आणि बहुतेक ठिकाणची मुदत डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान संपते. परीक्षा झाल्यावर निवांत भरू म्हणणाऱ्याचं ते वर्ष गेलं. अंतिम तारखेपुढे कोणत्या देशाची वेळ लिहिली आहे तेही बघून घ्या. आणि ज्यांची शाळा जून-जुलैत चालू असते, त्यांनी गैरहजेरीची परवानगी अर्जाआधीच विचारावी, निवड झाल्यावर नव्हे.

पात्रता

पात्रतेच्या पानावर चार गोष्टी शोधायच्या: इयत्ता, वय, नागरिकत्व आणि अर्ज कुणी करायचा.

इयत्तेची अट वाटते त्यापेक्षा काटेकोर असते. आरएसआय अकरावीत शिकणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे शाळेचं शेवटचं वर्ष अजून बाकी असलं पाहिजे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेचा आंतरराष्ट्रीय उन्हाळी कार्यक्रम नेमका उलट, शाळा संपवलेल्यांसाठी. एकाच मुलाला एकाच वर्षी दोन्हीकडे अर्ज करता येत नाही, आणि हे अर्ज भरून झाल्यावर कळणारे कमी नाहीत.

वय बहुधा कार्यक्रम सुरू होण्याच्या दिवशीचं धरतात, अर्जाच्या दिवशीचं नाही. सायमन्ससाठी सुरुवातीच्या दिवशी १६ पूर्ण लागतात. ही अट प्रवेश समितीची लहर नसते. रसायनं, किरणोत्सर्ग, प्राणी यांच्याजवळ अल्पवयीनांना कितपत जाऊ द्यायचं, याचे प्रयोगशाळांचे नियम असतात, त्यातून ती येते. म्हणून ‘दोनच महिने कमी आहेत’ अशी विनंती करून फारसं काही साधत नाही. त्या वर्षी संगणकावर चालणारा प्रकल्प शोधावा. तिथे वयाची अडचण कमी येते.

नागरिकत्वाचं कलम तर सगळ्यात आधी वाचा. सायमन्स फक्त अमेरिकेचे नागरिक आणि तिथले कायम रहिवासी यांच्यासाठी आहे. आरएसआयमध्ये इतर देशांतली मुलं असतात, पण अनेक देशांत त्यांची निवड त्या त्या देशातली संस्था करते आणि अर्जाचा मार्ग वेगळा असतो. चौथी गोष्ट म्हणजे नामांकन. काही ठिकाणी विद्यार्थ्याला थेट अर्ज करताच येत नाही, शाळेनेच नाव पाठवावं लागतं आणि त्या नावांनाही मर्यादा असते. मग खरी अंतिम तारीख पोर्टलवरची नाही, तुमच्या शाळेतली.

कागदपत्रं

यादी साधारण सगळीकडे सारखी: मागच्या वर्षांची गुणपत्रकं, जन्मतारखेचा पुरावा, शाळेत शिकत असल्याचा दाखला, दोन शिफारसपत्रं, पालकांचं संमतीपत्र, निबंध. विद्यार्थ्याने स्वतः लिहायचं त्यातलं एकच. बाकी सगळं शाळेच्या कचेरीतून, शिक्षकांकडून आणि घरून यायचं.

गुणपत्रकांचं काम कंटाळवाणं आहे, ते आधी उरका. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. गुणपत्रकावर एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल तर निवडीनंतर व्हिसाच्या वेळी तेच अडतं. कागद इंग्रजीत नसतील तर प्रमाणित भाषांतर लागतं. तुमच्या शाळेत गुण कसे देतात हे परदेशातल्या वाचणाऱ्याला माहीत नसतं. ७८ टक्के वर्गात पहिले असू शकतात किंवा विसावे. म्हणून शाळेची गुणपद्धत सांगणारं एक पान शाळेकडून जोडून घ्या. मागितलं नसेल तरी शिक्षकाला पत्रात तेवढं एक वाक्य लिहायला सांगता येतं.

आता शिफारसपत्र. अशी पत्रं मी लिहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वाईट पत्राचा एक ठरावीक साचा असतो: विद्यार्थी हुशार, मेहनती, शिस्तप्रिय. ते वाचून समितीला काहीच कळत नाही, कारण हे सगळ्यांबद्दलच लिहिलेलं असतं. चांगल्या पत्रात प्रसंग असतो: प्रयोगाची वाचनं जुळेनात तेव्हा हिने काय केलं, चूक कुठे शोधली. हा प्रसंग शिक्षकाला आठवेलच असं नाही, चाळीस मुलांच्या वर्गात तर नाहीच. तेव्हा पत्र मागताना एक पानभर टिपण द्या: कार्यक्रम कोणता, तारीख कोणती, त्यांच्या वर्गात तुम्ही केलेली दोन-तीन कामं कोणती. मुख्याध्यापकांचं भारदस्त पत्र घेण्यापेक्षा ज्यांनी गणित किंवा विज्ञान प्रत्यक्ष शिकवलं त्यांचं घ्या. बऱ्याच अर्जांत तशी अटच असते. किमान चार आठवडे आधी मागा.

पत्र बहुधा तुमच्या हातात येतच नाही. पोर्टलवर तुम्ही शिक्षकांचा ईमेल भरता, त्यांना दुवा जातो आणि ते परस्पर अपलोड करतात. तो ईमेल हमखास स्पॅममध्ये पडतो, म्हणून त्याच दिवशी शिक्षकांना सांगा. अर्जात ‘हे पत्र वाचण्याचा हक्क मी सोडतो’ असा एक चौकोन असतो. तो पाहून पालक दचकतात. त्यावर खूण केलेली बरी. तुम्ही वाचणार नाही म्हटल्यावर पत्र मोकळेपणाने लिहिलं गेलं, असं समिती धरून चालते.

पैशाबद्दल थोडक्यात. आरएसआयमध्ये शिकवणी, राहणं आणि जेवण यांचे पैसे घेत नाहीत, जाण्या-येण्याचा खर्च आपला. समर सायन्स प्रोग्रामला शुल्क आहे, पण गरजेनुसार सवलत मिळते आणि निवड करताना ऐपत पाहत नाहीत. सवलतीचा अर्ज वेगळा असतो आणि त्याला उत्पन्नाचे पुरावे लागतात. भरपूर शुल्क घेऊन जवळपास सगळ्यांनाच प्रवेश आणि प्रमाणपत्र देणारे वर्गही ‘रिसर्च इंटर्नशिप’ या नावानेच चालतात. ओळखायचं कसं? मार्गदर्शक कोण, कोणत्या प्रयोगशाळेत, गेल्या वर्षी मुलांनी कशावर काम केलं, हे विचारा. उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

निबंधात ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे’ हे वाक्य नको. एखादा प्रश्न घ्या, त्याच्यामागे तुम्ही कुठवर गेलात आणि कुठे अडलात ते लिहा. अडल्याचं लिहायला मुलं घाबरतात. वाचणारे संशोधक असतात, त्यांचे स्वतःचे दिवस अडण्यातच जातात.

निवड झाल्यावर

पत्र आलं की दुसरा गठ्ठा सुरू होतो: आरोग्यविमा, लसीकरणाची नोंद, रुग्णालयाशी जोडलेली प्रयोगशाळा असेल तर बऱ्याचदा क्षयरोगाची चाचणी, सुरक्षिततेचं प्रशिक्षण, पालकांच्या सह्या. परदेशी जायचं तर व्हिसा कोणत्या प्रकारचा लागेल ते आयोजक संस्थेलाच विचारा, एजंटला नको.

एक गोष्ट जवळपास सगळे विसरतात. याच कामावर पुढे आयसेफसारख्या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेत उतरायचं असेल, तर तिथले नियम प्रयोगाच्या पहिल्या दिवसाआधी लागू होतात. माणसांवर किंवा पृष्ठवंशी प्राण्यांवर काम असेल तर असे प्रयोग तपासणाऱ्या समितीची मंजुरी आधीच लागते. नंतर घेतलेली चालत नाही. संशोधनाचा आराखडाही आधीच लिहिलेला हवा. विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत केलेल्या कामासाठी ‘१सी’ नावाचा फॉर्म असतो. विद्यार्थ्याने स्वतः काय केलं आणि त्याला काय तयार मिळालं, हे त्यात मार्गदर्शक लिहून देतो, तेही काम संपल्यावर. प्रयोगशाळेतल्या शेवटच्या आठवड्यात तो समोर ठेवून भरून घ्या. एकदा घरी परतलात की त्या सहीसाठी ईमेलमागून ईमेल पाठवत बसावं लागतं.