रक्तातले जंतू: हृदय थांबण्याआधीचे की नंतरचे?

‘हार्ट बंद पडलं म्हणून आणलं होतं, मग रक्तात इन्फेक्शन कुठून आलं?’ आयसीयूच्या दाराशी हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यात थोडा आरोपही असतो. आरोप दर वेळी खोटा असतो असं नाही. पण या प्रश्नामागे साठेक वर्षांचा इतिहास आहे.

1960 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी छाती न उघडता, बाहेरूनच दाबून रक्त फिरतं ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कोवेनहोवेन डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. त्यांच्या पहिल्या 20 रुग्णांपैकी 14 वाचले. आजचा सीपीआर तो हाच. त्यानंतर बंद पडलेली हृदयं सुरू होऊ लागली खरी, पण सुरू झालेले कितीतरी रुग्ण पुढच्या दोन-चार दिवसांत दगावायचे. मॉस्कोच्या व्लादिमीर नेगोव्स्कींनी 1972 मध्ये ठामपणे मांडलं की पुनरुज्जीवनानंतरची ही अवस्था हा स्वतंत्र आजारच आहे.

या आजारात आतड्याचा मोठा वाटा आहे. रक्तपुरवठा तुटला की शरीर आधी मेंदू आणि हृदय सांभाळतं, आतड्याचा नंबर शेवटी. वर आपण अ‍ॅड्रिनॅलिन देतो, त्याने आतड्याकडच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. अलीकडे अब्जावधी जंतू, पलीकडे रक्त. हा थर उपासमारीने झिजला की जंतू किंवा त्यांची विषं पलीकडे झिरपतात. आतड्यातले जंतू अस्तर ओलांडून लसिकाग्रंथींपर्यंत पोचतात हे बर्ग आणि गार्लिंग्टन यांनी 1979 मध्ये उंदरांत दाखवलं होतं. 1988 मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या डॉक्टरांनी सीपीआरनंतरच्या 33 रुग्णांचं रक्त तपासलं. 13 जणांच्या रक्तात जंतू सापडले, आणि त्यांनी संशयाचं बोट आतड्याकडेच दाखवलं.

2002 मध्ये फ्रान्समधूनच क्रिस्तोफ आद्री आणि सहकाऱ्यांनी 61 रुग्णांचा अभ्यास मांडला. सीपीआरने वाचलेल्या माणसाचं रक्त सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अंगभर भडका उडालेल्या रुग्णासारखंच दिसतं, दाह वाढवणारी तीच रसायनं, असा त्याचा सूर. ज्यांची तपासणी झाली त्यांतल्या 46 टक्के रुग्णांच्या रक्तात एंडोटॉक्सिन हे जंतूंचं विषही मिळालं. इथे खरी पंचाईत सुरू होते. दाह तर सगळ्यांनाच असतो, मग जंतुसंसर्ग ओळखायचा कसा? पांढऱ्या पेशी वाढलेल्याच असतात, संसर्ग ओळखायला रक्तात मोजतात ते प्रोकॅल्सिटोनिन संसर्गाविनाही चढतं. उरला ताप. पण त्याच 2002 साली युरोप आणि मेलबर्नमधल्या दोन चाचण्यांनंतर मेंदू वाचवण्यासाठी रुग्णाला 32 ते 34 अंशांपर्यंत थंड करायची पद्धत रुजली, आणि तापाची खूणही पुसली गेली. हातात राहिलं ते ब्लड कल्चर, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते बघणं.

आणि ते घेणं किती अवघड! एक जण छाती दाबतोय, दुसरा अँबू बॅगने श्वास देतोय, पलंग हलतोय. अशात जांघेतली शीर शोधायची, कातडी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसायची, ती वाळेपर्यंत थांबायचं, मग दोन बाटल्यांत प्रत्येकी आठ-दहा मिलिलिटर रक्त भरायचं: एक हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी, दुसरी हवेविना वाढणाऱ्यांसाठी. वाळण्यापुरतं अर्धं मिनिट कुणाकडे असतं? कातडीवरचे जंतू बाटलीत गेले की रिपोर्ट पॉझिटिव्ह, पण खोटा.

डेट्रॉईटमधल्या आपत्कालीन विभागाने तरीही नेटाने हे केलं. दवाखान्याबाहेर हृदय थांबलेल्या प्रौढांचं रक्त त्यांनी सीपीआर चालू असतानाच घेतलं. 2014 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात 173 पैकी 65 जणांच्या, म्हणजे 38 टक्क्यांच्या रक्तात जंतू निघाले, आणि आपत्कालीन विभागातच दगावण्याचं प्रमाणही या गटात जास्त होतं. प्रश्नाचं तोंडच त्याने फिरवलं. रक्त इतक्या लवकर घेतलं तर काहींच्या अंगात संसर्ग आधीच मुरलेला असेल, आणि त्यानेच हृदय थांबलं असेल, असंही म्हणता येतं. कातडीवरच्या जंतूंची शंका मनात ठेवूनही मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. कारण तोवर सगळे ‘नंतर काय होतं’ एवढंच बघत होते.

मग सरसकट अँटिबायोटिक सुरू करावं का? फ्रान्समधल्याच एका चाचणीने 2019 मध्ये ते करून पाहिलं. विजेच्या झटक्याने सुरू होऊ शकणाऱ्या ठोक्यांचे, थंड केलेले 194 रुग्ण, आणि दोन दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट. व्हेंटिलेटरमुळे लवकर होणारा न्यूमोनिया 34 वरून 19 टक्क्यांवर आला, पण 28 दिवसांतल्या मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. 2021 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच सरसकट औषध नको, पण न्यूमोनियाची शंका येताच हात आखडता घेऊ नका, असा मधला मार्ग धरला. आपल्याकडच्या आयसीयूंत क्लेबसिएलासारखे जंतू भारी औषधांनाही दाद देईनासे झालेत, तिथे हा सावधपणा जास्तच गरजेचा.

राहिला दाराशी विचारलेला प्रश्न. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी तारखेत असतं. दवाखान्यात लागलेला संसर्ग मोजताना साधारण 48 तासांची रेघ आखतात. पहिल्या दिवशीच्या कल्चरमध्ये जंतू वाढले तर ते रुग्णाबरोबर आलेले, नाहीतर बाटली भरताना शिरलेले. तेच पाचव्या दिवशी, गळ्यातल्या मोठ्या शिरेत औषधांची नळी (सेंट्रल लाइन) असताना वाढले, तर नातेवाईकांनी विचारलेलं बरोबर आहे, आणि दवाखान्याला उत्तर द्यावं लागेल.