गुटगुटीत, सुदृढ, लठ्ठ: अंगणवाडीच्या काट्यामागची पार्श्वभूमी

मराठवाड्यात तीन-चार वर्षांच्या पोराला जाड म्हटलं की घरातली म्हातारी माणसं दुखावतात. 1972 च्या दुष्काळात मिलोच्या भाकरीवर आणि सुकडीवर दिवस काढलेल्यांची ही नातवंडं-पतवंडं. अंगावर बाळसं म्हणजे घरात दाणे आहेत, हा त्यांचा हिशेब. म्हणून मूल 'गुटगुटीत' असतं, 'अंगानं भरलेलं' असतं. 'लठ्ठ' हा शब्द त्याच्या वाट्याला येतच नाही. काट्यावर घातलं तर दृष्ट लागेल म्हणून नातवाला पदराआड घेणाऱ्या आज्याही इथल्याच.

अंगणवाडी योजना 1975 ची. पण इथे वजन घेण्याला खरी धार आली ती 2002 च्या आसपास. तेव्हाच्या औरंगाबाद विभागात बालमृत्यूंनी प्रशासन हादरलं आणि कुपोषणाच्या तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीतलं एकेक मूल शोधून काढण्याची मोहीम सुरू झाली. त्याच अनुभवातून 2005 मध्ये राज्याचं पोषण मिशन उभं राहिलं. देशातलं ते पहिलं, आणि त्याचं मुख्यालय औरंगाबादला होतं. त्या कामानं पोरं वाचली, हे आधी मान्य करायला हवं. मात्र त्यातून साऱ्या यंत्रणेची नजर कमी वजनावर खिळली. 'कुपोषण' या शब्दात अतिपोषणही येतं, पण गावपातळीवर त्याचा अर्थ 'वाळलेलं मूल' एवढाच उरला.

खरा गुंता आहे मुलाचं वजन नोंदवण्याच्या वाढीच्या कार्डाचा. 2008 मध्ये जुन्या चार श्रेणी गेल्या आणि जागतिक मानकांवर बेतलेला आलेख आला. तीन पट्टे: हिरवा ठीक, पिवळा मध्यम कमी वजन, त्याखालचा तीव्र कमी वजन. हिरव्याच्या वरच्या अंगाला धोक्याचा रंगच नाही. शिवाय हे सगळं वयानुसार वजन. उंचीचा त्यात संबंध नाही. समजा, चार वर्षांचा मुलगा आहे, वजन 17 किलो, उंची 93 सेंटीमीटर. वजनाच्या आलेखावर तो हिरव्यात, म्हणजे 'सुदृढ'. वयाच्या मानानं उंची पाहिली तर तो खुरटलेला निघतो, आणि उंचीच्या मानानं वजन पाहिलं तर जास्त वजनाचा. एकाच पोराच्या अंगात दोन्ही दोष आणि कार्डावर हिरवा ठिपका. माझ्या मते फक्त वजनावर भिस्त ठेवण्याचा तो निर्णय आपल्याला महागात पडला. त्यामागची अडचणही खरी होती: अंगणवाडीच्या ताईंकडे काटा होता, धड उंचीपट्टी नव्हती. उंची मोजण्याची साधनं मोठ्या प्रमाणावर पोचू लागली ती 2018 च्या पोषण अभियानानंतर. जानेवारी 2022 मध्ये देशभर 'स्वस्थ बालक' स्पर्धा झाल्या, तेव्हा कुठे 'सुदृढ' ठरवताना वजनाच्या जोडीला उंची आली.

व्याख्येतली आणखी एक खोच पालकांना कुणी सांगत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाचं वजन उंचीच्या मानानं मध्यापासून दोन प्रमाण विचलनांच्या (मध्यापासून किती दूर, हे सांगणाऱ्या मापाच्या) वर गेलं तरच ते 'जास्त', तीनच्या वर गेलं तर 'लठ्ठ'. पाच वर्षं पूर्ण झाली की बीएमआयच्या (उंचीच्या वर्गाशी वजनाच्या प्रमाणाच्या) तक्त्यावर हीच सीमा एक आणि दोनवर येते. एक ते दोनच्या मध्ये असल्यानं कालपर्यंत नुसतं 'धोका संभवतो' असं ज्याच्याबद्दल म्हणत होतो, तेच मूल पाचव्या वाढदिवसानंतर 'जास्त वजनाचं' ठरू शकतं. आकडे वाचताना हा फरक सुटला की वाद उगाच वाढतो.

आकड्यांचं म्हणाल तर देशव्यापी कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण 2015-16 मध्ये 1.9 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 4.1 टक्के झालं. खुरटलेल्या मुलांचं प्रमाण मात्र दोन्ही वेळा 35 टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे जुनं दुखणं जागेवर आणि वर नव्याची भर.

याच काळात रोजचं जगणंही बदललं. ज्वारीच्या भाकरीचा काला मागे पडला. चहात बुडवलेलं बिस्किट आणि पाच रुपयांचा पुडा वस्तीवरच्या दुकानातही आला. लातूर-नांदेडकडे तीन वर्षांचं पोर व्हॅनमध्ये बसून नर्सरीला जाऊ लागलं. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांतली मुलं दिवाळीनंतर फडावर जातात आणि त्यांच्या वजनाची साखळी महिनोन्‌महिने तुटते. 2020 च्या मार्चपासून तर कोरोनामुळे अंगणवाड्याच बंद राहिल्या. त्या काळात शिजवलेल्या खिचडीऐवजी कोरडा शिधा घरी, आणि घास भरवताना पोरापुढे मोबाइल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला 180 मिनिटं हालचाल हवी, त्यातली 60 मिनिटं चांगली दमवणारी. झोप 10 ते 13 तास, स्क्रीन फार तर एक तास. यातलं काहीच वाढीच्या कार्डावर नाही. जागेवरून लांब उडी, एका पायावर तोल, 20 मीटरची धाव अशा चाचण्या या वयासाठी परदेशात वापरात आहेत. त्यासाठी अंगणात आखलेली रेघ, टेप आणि घड्याळ पुरतं. लंगडी घालणारी पोरं तर आपल्याकडे आहेतच, फक्त ती किती पावलं घालतात हे लिहायला रकाना नाही.