लवणांची विद्राव्यता

ठरावीक तापमानाला ठरावीक पाण्यात एखादे लवण जास्तीत जास्त किती विरघळते, ते माप म्हणजे त्याची विद्राव्यता. ही मर्यादा गाठलेला विद्राव संपृक्त म्हणवतो. त्याच्या तळाशी उरलेले खडे स्वस्थ पडलेले दिसतात; प्रत्यक्षात आयन, म्हणजे लवणाचे विद्युतप्रभार असलेले कण, सुटणे आणि परत स्फटिकावर बसणे सारख्याच वेगाने चालू असते.

मिठाचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. स्फटिकातले सोडियम आणि क्लोराइड आयन सुटे करायला मोलमागे (मोल म्हणजे कणांची ठरावीक मोठी संख्या) सुमारे ७८७ किलोजूल ऊर्जा लागते. पाण्याचे रेणू या आयनांभोवती गोळा झाले, म्हणजे जलयोजन झाले, की बहुतेक सगळी परत मिळते; जेमतेम ४ किलोजूल कमी पडतात. तरीही मीठ विरघळते, कारण जखडलेले आयन मोकळे होऊन एन्ट्रॉपी, म्हणजे कणांच्या विस्कळीतपणाचे माप, वाढते. २५° से.ला ही वाढ तापमानाने गुणली की सुमारे १३ किलोजूल भरते. तूट वजा जाता मुक्त ऊर्जा, म्हणजे जी घटली तर बदल आपोआप घडतो ती राशी, ९ किलोजूलने घटते. अमोनियम नायट्रेटची तूट याहून मोठी, मोलमागे सुमारे २६ किलोजूल. ती पाण्यातूनच भागते, म्हणून चंचुपात्र गार पडते आणि दमट हवेत त्याला बाहेरून दव सुटते.

उष्णता बाहेर पडली म्हणजे लवण सहज विरघळणार, हा समज म्हणूनच टिकत नाही. कॅल्शियम कार्बोनेट विरघळताना उष्णता सुटते, पण त्याचे दुहेरी प्रभाराचे आयन पाण्याच्या रेणूंना इतके घट्ट बांधतात की एकूण एन्ट्रॉपी घटते. लिटरभर शुद्ध पाण्यात ते दहा-पंधरा मिलिग्रॅमच विरघळते.

तापमानाचा परिणामही याच हिशेबातून निघतो: विरघळताना उष्णता शोषली जात असेल तर तापमानाबरोबर विद्राव्यता वाढते, सुटत असेल तर घटते. १०० ग्रॅम पाण्यात ०° से.ला १३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट मावते, १००° से.ला सुमारे २४५. मीठ मात्र ३६ वरून ३९ ग्रॅमपर्यंतच जाते. इथे एक गोष्ट हमखास निसटते: उष्णता मोजायची ती संपृक्त विद्रावाशी समतोलात असलेल्या घनाची. निर्जल, म्हणजे स्फटिकात पाणी नसलेले, कॅल्शियम क्लोराइड पाण्यात टाकले की पाणी चांगलेच तापते. त्यावरून तापमान वाढताच त्याची विद्राव्यता घटेल असे वाटते. ती वाढते, कारण साधारण तापमानाला तळाशी असतो तो सहा रेणू पाणी धरलेला स्फटिक, आणि तो विरघळताना उष्णता शोषतो. सोडियम सल्फेटमध्ये हा पालट आलेखावर सरळ दिसतो: ३२.४° से.पर्यंत दहा रेणू पाण्याचा स्फटिक असतो आणि रेषा झपाट्याने चढते. त्यापुढे निर्जल लवण उरते आणि रेषा उतरू लागते.