पाळीव कुत्री-मांजरे : निगा व आरोग्य (वडोदरा)

घरात वाढवलेल्या कुत्र्या-मांजरांना रोग, विषबाधा व अपघात यांपासून जपणे आणि त्यांच्या शरीरधर्माला मानवेल असा आहार, व्यायाम व विसावा देणे, याला पाळीव प्राण्यांची निगा म्हणतात. गायकवाडांच्या राजवटीपासून वडोदऱ्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत वाड्याच्या दाराशी कुत्रा आणि स्वयंपाकघराच्या आसपास मांजर असणे ही नित्याची गोष्ट होती. आता दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या वस्त्यांतूनही फ्लॅट उभे राहिले असून प्राणी त्यांत राहू लागले आहेत. मात्र त्यांना सांभाळण्याच्या सवयी पुष्कळदा वाड्यातल्याच राहिल्या आहेत आणि अनेक आजारांचे मूळ या विसंगतीत सापडते.

हे आहाराच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. वाड्यातल्या मांजराला दूधपोळी घातली जाई, पण ते उंदीर, पाली व पाखरे मारून आपले खरे पोषण स्वतःच मिळवत असे. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद घरातील मांजराला तीच दूधपोळी घातली, तर ते भरल्या पोटी उपाशी राहते. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन हे अत्यावश्यक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, गाजर-भोपळ्यातील कॅरोटिनापासून अ-जीवनसत्त्वही त्याला बनवता येत नाही. ही दोन्ही द्रव्ये त्याला प्राणिज अन्नातूनच मिळवावी लागतात. टॉरीन कमी पडल्यास दृष्टिपटल झिजून अंधत्व येते आणि हृदयाचे स्नायू दुबळे होऊन हृदय फुगते; हा हृदयविकार टॉरीनच्या अभावाने होतो व वेळीच टॉरीन दिल्यास सुधारू शकतो, हे कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिले. ज्या घरांत मांस शिजवले जात नाही, त्यांनी मांजरांसाठीचा तयार परिपूर्ण आहार आणावा. घराचा शाकाहार मांजरावर लादणे त्याच्या जिवावर बेतू शकते. दुधाची गोष्टही अशीच आहे. पिल्लूपण सरल्यावर बहुतेक मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही व त्यांना जुलाब होतात. कुत्र्याला पिष्टमय पदार्थ पचतात, त्यामुळे भात-पोळी त्याच्या आहारात चालते, तरी केवळ वरणभातावर त्याचेही पुरेसे पोषण होत नाही.

प्रेमाने भरवलेला घासही घातक ठरू शकतो. कांदा व लसूण, मग ते आमटीत शिजलेले का असेनात, तांबड्या रक्तपेशी फोडतात. द्राक्षे व मनुका खाल्ल्याने कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, म्हणून मनुका घातलेला शिरा प्रसाद म्हणूनही देऊ नये. चॉकलेट दोघांनाही वर्ज्य आहे. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या यकृताला निर्विष करता येत नाही. अर्धी गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. गोचिडांसाठी कुत्र्याच्या पाठीवर लावायचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावल्यास त्याला झटके येतात, आणि दोन्ही प्राणी असलेल्या घरांत ही चूक सहज घडते.

लसीकरण पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे असताना सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने पूर्ण करतात. कुत्र्यांमध्ये डिस्टेंपर व पार्व्हो, तर मांजरांमध्ये पॅनल्यूकोपेनिया हे पिल्ले दगावणारे मुख्य रोग होत. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर उतरवू नये. अलर्क अर्थात रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात व नंतर पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी देतात. मांजरही पिसाळते, हे अनेकांना ठाऊक नसते. कोणीही चावल्यास वा ओरबाडल्यास जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन लगेच रुग्णालय गाठावे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो.

वडोदऱ्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीराची उष्णता बाहेर टाकतो. म्हणून चपट्या नाकाचा, श्वास अपुरा पडणारा पग किंवा दाट केसांचा हस्की यांना येथे उष्माघाताचा धोका विशेष असतो आणि अशा जाती निवडण्याआधीच फार विचार व्हायला हवा. फिरवणे पहाटे वा दिवस मावळल्यावर बऱ्याच वेळाने ठेवावे. डांबरावर आपला तळहात सात सेकंद ठेववत नसेल, तर त्यावर कुत्र्याचे पंजे भाजतात. उष्माघात झाल्यास अंगावर साधे पाणी ओतून पंख्याखाली ठेवावे व मग दवाखान्यात न्यावे.

पावसाळ्यात विश्वामित्री नदीला पूर येतो. २०१९ व २०२४ साली तो शहरात दूरवर शिरला होता. पुराच्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा जिवाणू पसरतात व कुत्र्यांना आणि माणसांनाही आजारी पाडतात, म्हणून नदीच्या आसपास राहणाऱ्यांनी कुत्र्याला याची लस पावसाआधी टोचून घ्यावी. नदीत मगरींची वस्ती असल्याने काठावर कुत्र्याचा पट्टा सोडू नये. याच दिवसांत गोचिडांकडेही लक्ष हवे. त्यांच्यामुळे होणाऱ्या तापात रक्त गोठवणारे बिंबाणू (प्लेटलेट) घटून नाकातून रक्त येऊ शकते; गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी.

उत्तरायणाचा, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीचा, धोका १४ जानेवारीला संपत नाही. गच्चीवर व झाडांत अडकलेला मांजा पुढे कित्येक दिवस पंजे कापतो. खेळता खेळता मांजराने दोरा गिळला, तर त्याचे एक टोक जिभेखाली अडकून आतडी दोऱ्यावर चुण्यांसारखी गोळा होतात. तोंडातून वा गुदद्वारातून लोंबणारा असा दोरा कधीही ओढू नये, कारण त्याने आतडे चिरते. त्यावर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.

दोन लक्षणांसाठी सकाळची वाट पाहू नये. बोका लघवीसाठी पुन्हा पुन्हा जोर करत असेल व थेंबही येत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असतो आणि एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. कुत्रीचा माज ओसरल्यावर काही आठवड्यांनी ती खाणे सोडून सारखे पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. निर्बीजीकरण झालेल्या कुत्रीत गर्भाशय काढलेले असल्याने हा विकार सहसा उद्भवत नाही.