एअरफोर्समधून एअरलाइनला जायचं की डायरेक्ट सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन) करायचं? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

चोपड्याहून एका नातेवाइकाचा फोन आला, "भाऊ, मना पोऱ्याले पायलट व्हवानं शे, पयले एअरफोर्समा टाकू का, फुकट शिकी जाई नि मंग एअरलाइनमा लागी जाई." हाच प्रश्न मला जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बऱ्याच पालकांनी विचारलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे एअरफोर्सचे विंग्स, म्हणजे तिथला पायलटचा बिल्ला, मिळाले म्हणजे एअरलाइनचं लायसन मिळालं असं नाही. फोर्समधून या नाहीतर फ्लाइंग क्लबमधून या, प्रवासी विमान उडवायला डीजीसीएचंच, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचंच लायसन लागतं. फरक कुठे पडतो तर तुमचे उड्डाणाचे तास कसे धरले जातात आणि तुम्ही कोणत्या वयात एअरलाइनच्या दारात पोचता, या दोन ठिकाणी.

आधी सिव्हिलचं सांगतो. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स पाहिजे, बायोलॉजीवाला असेल तर एनआयओएसमधून, म्हणजे सरकारच्या ओपन स्कूलमधून मॅथ्स देता येतं, आणि सीपीएल मिळायला वय किमान १८. मग डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी नंबर काढायचा, त्याशिवाय पेपरला बसता येत नाही. त्यासाठी दहावी-बारावीची मार्कशीट आणि सर्टिफिकेट, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, सही आणि बोर्डाचं व्हेरिफिकेशन लागतं, म्हणजे आपल्याकडच्या पोरांना नाशिक बोर्डाकडून.

आणि इथंच आपली पोरं अडकतात. मार्कशीटवर आडनाव आधी, "पाटील अमुक तमुक", पासपोर्टवर आडनाव शेवटी, आधारवर बापाचं नावच नाही, दहावीला आईच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. माझ्या भाच्याचं प्रकरण एका अक्षरावरून कित्येक आठवडे लटकलं होतं, पोरगं रोज मोबाइल उघडून स्टेटस बघायचं. म्हणून बारावीचा निकाल लागायची वाट बघू नका, अकरावीतच सगळ्या कागदांवर नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्या, गॅझेट करावं लागलं तरी करा.

दुसरं, मेडिकल. आधी क्लास टू, मग क्लास वन. क्लास टू डीजीसीएच्या पॅनलवरचा डॉक्टर करतो, पहिल्यांदाचं क्लास वन मात्र डीजीसीएने ठरवून दिलेल्या मेडिकल सेंटरलाच होतं. क्लास वन हातात आल्याशिवाय फ्लाइंग स्कूलला एक रुपया देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो, कारण सीपीएलचा खर्च साधारण ४० ते ६० लाख जातो आणि वर टाइप रेटिंगचे, म्हणजे एअरलाइनच्या ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगचे, वेगळे. रावेर-यावलकडे केळीची बाग गहाण टाकून फी भरायची तयारी असते लोकांची, आणि पोराला रंग नीट ओळखू येत नाहीत हे नंतर कळतं.

पेपर म्हणजे एअर नेव्हिगेशन, मेटिओरॉलॉजी, रेग्युलेशन, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक, प्रत्येकात ७० टक्के पाहिजेत, शिवाय आरटीआर, म्हणजे विमानाच्या रेडिओवर बोलायचं लायसन. उड्डाण २०० तास, त्यातले १०० पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमान तुमच्या जबाबदारीवर, आणि त्यात एक ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरची क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं उड्डाण. आपल्याकडे धुळ्याला गोंदूर विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लब आहे, शिरपूरला एनएमआयएमएसची अकॅडमी आहे, जळगाव विमानतळावरही ट्रेनिंग चालतं, त्यामुळे घराजवळ शिकता येतं हा आपला मोठा फायदा.

आता एअरफोर्स. बारावीनंतर एनडीए, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, आता मुलींनाही आहे. ग्रॅज्युएशननंतर एएफकॅट ही एअरफोर्सची प्रवेश परीक्षा, फ्लाइंग ब्रँचला वय २० ते २४, आणि ज्याच्याकडे डीजीसीएचं चालू सीपीएल आहे त्याला २६ पर्यंत सवलत, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. ट्रेनिंगचा खर्च सरकार करतं हे खरं, पण त्या बदल्यात वर्षं द्यावी लागतात. शॉर्ट सर्व्हिस फ्लाइंगवाल्याला १४ वर्षं, पर्मनंट कमिशनवाल्याला पेन्शन हवी तर २०. मनात आलं म्हणून सोडून एअरलाइनला जाता येत नाही, परवानगी लागते.

म्हणजे हिशोब करा. सिव्हिलवाला पोरगा बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी को-पायलट होऊ शकतो, फोर्सवाला छत्तीस ते बेचाळीसच्या आसपास येतो. एअरलाइनमध्ये सिनियॉरिटी जॉइनिंगच्या तारखेपासून धरतात, रँकवरून नाही, त्यामुळे विंग कमांडर राहिलेला माणूस तिशीतल्या कॅप्टनच्या शेजारी को-पायलट म्हणून बसतो आणि ते मनापासून स्वीकारावं लागतं. निवृत्ती दोघांची ६५ लाच.

फोर्समध्येही काय उडवलं त्यावर बरंच ठरतं. एएन-३२ किंवा सी-१३० सारखं ट्रान्सपोर्ट उडवलेल्याला दोन पायलटनी मिळून काम करायची सवय असते, एअरलाइनचं काम त्याला जवळचं पडतं. फायटरवाल्याचे तास कमी असतात, पण हात आणि डोकं फार तयार असतं, त्याला दुसऱ्याशी बोलत-विचारत उडवायची सवय लावावी लागते आणि सिलेक्शनच्या सिम्युलेटर चेकमध्ये तेच बघतात. हेलिकॉप्टरवाल्याला सगळ्यात जास्त मेहनत, कारण विमानाचं लायसन वेगळं काढावं लागतं.

एक गोंधळ युट्यूबमुळे होतो. "मिलिटरीवाल्याला ७५० तास, सिव्हिलवाल्याला १५००" हा अमेरिकेचा नियम आहे. २००९ साली बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून ५० जण गेले, त्यानंतर २०१३ ला तिथं को-पायलटलाही १५०० तासांचं एटीपी, म्हणजे एअरलाइन पायलटचं वरचं लायसन सक्तीचं झालं आणि फौजेतल्यांना ते ७५० तासांवर मिळायची सूट दिली. आपल्याकडे सीपीएल आणि टाइप रेटिंगवर को-पायलट होता येतं, १५०० तासांचं एटीपीएल (आपल्याकडचं तेच वरचं लायसन) कॅप्टन व्हायला लागतं.

आता जे आधीच फोर्समध्ये आहेत आणि बाहेर यायचा विचार करतायत त्यांच्यासाठी. युनिटमध्ये असतानाच लॉगबुक पूर्ण करून कमांडिंग ऑफिसरकडून (सीओ) सर्टिफाय करून घ्या, विमानाच्या प्रकारानुसार, दिवस-रात्र, कॅप्टन आणि को-पायलट असे तास वेगळे काढून. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे (बाहेरचं न बघता उपकरणांवर उडवायच्या परवानगीचे) कागद, एनओसी आणि रिलीज ऑर्डर एका फाइलला लावा. कॉम्प्युटर नंबर आणि सिव्हिल क्लास वनची तयारी रिलीजच्या वर्षभर आधी सुरू करा, कारण एकदा घरी भुसावळला येऊन बसलात की प्रत्येक सहीसाठी जुन्या युनिटला पत्रव्यवहार करावा लागतो, तोवर तिथला सीओ बदललेला असतो.