अडलेल्या कामासाठी लोकायुक्तांकडे तक्रार: कोणी करायची, काय जोडायचं

वारसाचा फेरफार वर्षभर तलाठ्याकडे पडून आहे. विहिरीच्या अनुदानाचा हप्ता पंचायत समितीत रखडलाय. निवृत्त गुरुजींची पेन्शन अजून सुरू नाही. परभणी, हिंगोली, बीड, कुठंही जा, अशा कामांपायी तालुक्याच्या चकरा मारणारी माणसं भेटतात. मग कुणीतरी सांगतं, "लोकपालाकडं अर्ज टाका."

इथंच गल्लत होते. दिल्लीतले लोकपाल २०१३ च्या कायद्यानुसार मुख्यतः केंद्राच्या लोकसेवकांवरील भ्रष्टाचाराच्या तक्रारी पाहतात. तलाठी, तहसीलदार, जिल्हा परिषद यांच्या कारभाराबद्दल राज्याच्या लोकायुक्त आणि उपलोकायुक्तांकडे जायचं. महाराष्ट्राने त्यासाठी १९७१ मध्येच कायदा केला आणि लोकायुक्त नेमणारं हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. तरीही आपल्याकडं अनेकांना हे दार माहीतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तक्रार दोन प्रकारची असते. कारभारातल्या हलगर्जीमुळे किंवा विनाकारण दिरंगाईमुळे तुमच्यावर अन्याय झाला, तर ते 'गाऱ्हाणं'. ते ज्याचं नुकसान झालं त्यानेच मांडायचं. तो हयात नसेल तर त्याच्या मालमत्तेचा कायदेशीर प्रतिनिधी, आणि स्वतः येऊ-जाऊ शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती अर्ज करू शकते. दुसरा प्रकार भ्रष्टाचाराच्या किंवा पदाच्या गैरवापराच्या आरोपाचा, म्हणजे 'अभिकथन'. ते लोकसेवक नसलेला कोणीही करू शकतो. त्याला विहित नमुना आणि शपथपत्र लागतं, म्हणून ऐकीव गोष्टीवर ते करू नका.

मुदत नीट लक्षात ठेवा, कारण खरे अर्जही इथंच बाद होतात. गाऱ्हाणं असेल तर ती गोष्ट तुम्हाला कळल्यापासून १२ महिने, आरोप असेल तर घटनेपासून ३ वर्षं. गाऱ्हाण्याला उशीर झाला आणि कारण सबळ असेल, तर ते अर्जातच लिहा. लोकायुक्त तो दाखल करून घेऊ शकतात.

काही गोष्टी इथं चालत नाहीत. नोकरीत असलेल्यांच्या नेमणुका, पगार, शिस्तभंगाची कारवाई या कक्षेबाहेर आहेत. पेन्शन, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी मात्र चालतात, तेव्हा गुरुजींनी निराश होऊ नये. ज्या निर्णयाविरुद्ध कोर्टात किंवा न्यायाधिकरणात दाद मागता येते, त्यासाठी सहसा तिकडंच जावं लागतं. फेरफार नामंजूर झाला तर अपिलाचा मार्ग आहे. पण निर्णयच न देता कागद दाबून ठेवला, तर ती दिरंगाई झाली.

आता कागद. सगळ्यात मोलाची तुमच्या मूळ अर्जाची पोच, आवक क्रमांक आणि तारखेसह. बाबू "ठेवून जा" म्हणाला तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. माझ्या नात्यातल्या एका आजींनी एका कार्यालयात तीन अर्ज दिले आणि एकाचीही पोच घेतली नाही. पुढं अर्ज दिला होता हे सिद्ध करायलाच त्यांचं वर्ष गेलं. पोचेसोबत स्मरणपत्रं, आलेली उत्तरं, सातबारा किंवा सेवानिवृत्तीचा आदेश यांच्या छायाप्रती जोडा. मूळ कागद पाठवू नका.

अर्ज मराठीत लिहा. कोणत्या कार्यालयाने, कोणत्या तारखेपासून, कोणतं काम अडवलं आणि तुम्हाला नेमकं काय हवंय, एवढं स्पष्ट असू द्या. शुल्क नाही आणि वकिलाची सक्तीही नाही. कार्यालय मुंबईत मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासन भवनात आहे. पण नुसता अर्ज द्यायला देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट काढू नका. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

लोकायुक्त थेट आदेश काढत नाहीत, संबंधित अधिकाऱ्याकडे शिफारस करतात. मात्र चौकशीत कागद मागवण्याचे आणि साक्षीला बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. शिफारशीवर झालेल्या कार्यवाहीने समाधान झालं नाही, तर ते राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जातो. वर्षभर न हललेली फाईल बरेचदा लोकायुक्तांनी त्या कार्यालयाकडून अहवाल मागवल्याचं पत्र आल्यावरच हलते. काम झालं तर तसं लोकायुक्त कार्यालयाला कळवा. अर्धवट झालं असेल तर काय राहिलं ते तारखेसह लिहून पाठवा.