वैमानिकाचं मन कोण तपासणार?

अहमदाबादचा विमान अपघात 12 जून 2025 चा. त्यानंतर चौथ्या दिवशी, 16 जूनला, एअर इंडियाच्या 112 वैमानिकांनी आजारी असल्याचं कळवून रजा घेतली. त्यांत 51 कॅप्टन होते आणि 61 सहवैमानिक. नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी जुलैमध्ये लोकसभेत लेखी उत्तरात हा आकडा दिला. हे उत्तर आलं त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या फोनवर तीन वेगवेगळ्या गटांतून एकच संदेश आला: 'असले घाबरट पायलट हवेत कशाला? दर महिन्याला सगळ्यांची मानसिक चाचणी घ्या, नापास होईल त्याला घरी बसवा.'

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

आधी रजेबद्दल. वैमानिकाला प्रशिक्षणात सहा गोष्टी पाठ करून घेतात आणि प्रत्येक उड्डाणाआधी त्या स्वतःला विचारायला सांगतात: आजार आहे का, औषध घेतलंय का, ताण आहे का, दारू घेतली होती का, थकवा आहे का, मन ठिकाणावर आहे का. एकाही प्रश्नावर अडखळलं तर विमानाला हात लावायचा नाही. 112 जणांची कारणं 112 असतील, कोणाला तापही असेल. पण आपल्याच कंपनीचं विमान पडल्यावर त्या आठवड्यात एखाद्याने 'आज नको' म्हटलं, तर त्याने नियम पाळला. त्याला घाबरट म्हणणाऱ्याच्या विमानात मी बसणार नाही.

आता त्या चाचणीकडे येतो. सुरक्षेतल्या सगळ्या गणितांत मला हे गणित सर्वांत आवडतं. टक्केवारी काढता येत असेल तर कागद-पेन्सिल घेऊन बसा.

समजा, एक लाख वैमानिक आहेत आणि त्यांतला एकच खरोखर धोकादायक अवस्थेत आहे. हा आकडा फक्त हिशेबासाठी. चाचणी अशी घेऊ की ती धोकादायक माणसाला 100 पैकी 99 वेळा ओळखते आणि ठीक असलेल्यालाही 99 वेळा ठीकच म्हणते. मनाची इतकी अचूक चाचणी जगात कुठेही नाही, पण आपण आहे असं धरू. एक लाख जणांना ती दिली, तर तो एकटा बहुधा सापडेल. पण उरलेल्या 99,999 जणांपैकी 1 टक्क्याच्या बाबतीत चाचणी चुकणार, म्हणजे सुमारे 1,000 धडधाकट माणसं 'नापास'. चाचणीने बोट दाखवलेल्या 1,001 जणांत खरा एक. अचूकता 99.9 टक्क्यांवर नेली तरी एका खऱ्यामागे 100 खोटे उरतात. दोष चाचणीचा नाही. शोधायची गोष्टच इतकी विरळ आहे की चाचणीची बारीकशी चूकसुद्धा तिच्यापेक्षा कैकपट मोठी ठरते. टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निबंधातून हा विचार आला. तो 1763 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या विरळ माणसाला सोडा आणि नैराश्याबद्दल विचारा. हार्वर्डच्या संशोधकांनी 2016 मध्ये वैमानिकांची एक निनावी पाहणी प्रसिद्ध केली. नैराश्याविषयीच्या प्रश्नांना 1,848 जणांनी उत्तरं दिली. त्यांतल्या 233 जणांची, म्हणजे 12.6 टक्क्यांची, उत्तरं नैराश्याच्या उंबरठ्यापलीकडची होती. 75 जणांनी मागच्या दोन आठवड्यांत जीव द्यावासा वाटल्याचं लिहिलं होतं. ही गोष्ट विरळ अजिबात नाही. साधारण आठात एक.

मग 1,000 वैमानिक घेऊ, त्यांत 126 नैराश्यातले. चाचणी आधीपेक्षा साधी, 90 टक्के अचूक. ती 126 पैकी 113 पकडेल आणि उरलेल्या 874 पैकी 87 जणांना उगाच अडकवेल. बोट दाखवलेल्या 200 जणांत 113 खरे, म्हणजे 56 टक्के. डॉक्टरला पुढची तपासणी करायला एवढं पुरतं.

पण हा हिशेब खरं बोलणाऱ्यांचा झाला. मनाचा एक्स-रे निघत नाही, चाचणी म्हणजे अखेर प्रश्नांची उत्तरंच. 126 पैकी निम्म्यांनी 'मी मजेत' असं लिहिलं, तर चाचणीला 63 जणच दिसणार आणि त्यांतले 57 सापडणार. उगाच अडकलेले 87 मात्र तसेच राहतात. आता बोट दाखवलेल्या 144 जणांत खरे 57, म्हणजे 40 टक्क्यांच्याही खाली. निसटलेले आधी 13 होते, आता 69. चाचणी तीच, माणसं तीच. मध्ये फक्त भीती आली.

निम्मे हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. अमेरिकेत 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 3,765 वैमानिकांपैकी 56 टक्के जणांनी कबूल केलं, की मेडिकल जाईल या भीतीने आपण कधी ना कधी उपचार टाळले किंवा माहिती दडवली. 'मेडिकल' म्हणजे उडायची परवानगी देणारं वैद्यकीय प्रमाणपत्र. ते गेलं की पगार थांबतो, प्रशिक्षणाच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही.

24 मार्च 2015 ला जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने, कॅप्टन बाहेर गेलेला असताना, कॉकपिटचं दार आतून बंद केलं आणि बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेलं विमान आल्प्सच्या डोंगरात घातलं. 150 माणसं गेली. प्रशिक्षणाच्या काळात त्याला नैराश्य आलं होतं आणि तशी नोंद त्याच्या वैद्यकीय कागदांवर होती. अपघाताच्या दोन आठवडे आधी एका डॉक्टरने त्याला मनोरुग्णालयात दाखल व्हायला सुचवलं होतं. तो उडायला योग्य नाही असं लिहिलेल्या चिठ्ठ्या त्याच्या घरी फाडलेल्या सापडल्या. या शेवटच्या आजारपणातलं काहीच कंपनीपर्यंत पोहोचलं नाही. फ्रान्सच्या बीईए या तपाससंस्थेने 2016 च्या अहवालात नोकरी आणि उत्पन्न जाण्याच्या भीतीकडे बोट दाखवलं. तिच्या शिफारशींमध्ये एक होती सहकाऱ्यांच्या आधारगटांची, म्हणजे पीअर सपोर्टची.

याचं काम वरून फारच साधं दिसतं. एक फोन नंबर असतो. पलीकडे दुसरा वैमानिक, काही दिवसांचं प्रशिक्षण घेतलेला स्वयंसेवक. तो निदान करत नाही, औषध सांगत नाही. तो ऐकतो. समजा, सिम्युलेटरची परीक्षा दोनदा बिघडली, घरी घटस्फोटाचं चाललंय, तीन आठवडे धड झोप नाही. समुपदेशकाला आधी रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, काय असतं हे समजावून सांगावं लागेल. इथे ते सांगावं लागत नाही. स्वयंसेवकाच्या पाठीशी एक मानसतज्ज्ञ असतो. अवघड प्रकरण त्याच्याकडे जातं आणि तिथून उपचार, तात्पुरती रजा, मग परत कॉकपिट असा रस्ता आखला जातो. फोन करणाऱ्याचं नाव कंपनीला कळत नाही. जीवाला सरळ धोका दिसला तरच ही गुप्तता मोडते, आणि ती अट सुरुवातीलाच सांगितलेली असते.

म्हणजे आपल्या हिशेबात काय बदललं? चाचणीची अचूकता तेवढीच राहिली, खरं बोलण्याची किंमत उतरली. दडलेले 63 जण पुन्हा दिसायला लागले. आणि तो लाखातला एक? तो बहुधा याच 126 जणांच्या गर्दीत कुठेतरी असतो, अजून इतका पुढे न गेलेला. त्याला हुडकून काढायची गरज पडत नाही, गर्दीतल्या सगळ्यांनाच वेळेत मदत मिळते.

परतीचा रस्ता खरा असायला हवा, नाहीतर त्या नंबरवर फोन कोणी करणार नाही. अमेरिकेत दारूच्या व्यसनात सापडलेल्या वैमानिकांसाठी 1970 च्या दशकापासून असा रस्ता आहे. त्यात उपचार, देखरेख आणि सहकाऱ्यांची सोबत असते, आणि हजारो जण त्यावरून कामावर परतले. नैराश्याच्या गोळ्यांना मात्र तिथे 2010 पर्यंत मनाईच होती. त्या वर्षी चार औषधांना सशर्त परवानगी मिळाली. तोवर गोळी घेणाऱ्याला घरी बसावं लागे आणि गोळीविना कुढणारा विमान उडवत असे.

इथे दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. नैराश्याला अजून आपल्याकडे 'बाहेरचं' समजून अंगारे-धुपारे करणारे आहेत, आणि सुशिक्षित घरांत त्याच अज्ञानाचं नाव 'मन खंबीर ठेव' असं आहे. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. दुसरी गोष्ट, अपघातानंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून सक्तीने एकदाच बोलतं करण्याची टूम. त्यावरच्या प्रयोगांचा कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने, आढावा घेतला, तेव्हा अशा बोलतं करण्याने आघातोत्तर विकार (पीटीएसडी) टळत नाही असं दिसलं. एका प्रयोगात तर वर्षभरानंतर त्रास वाढलेला आढळला. पीअर सपोर्टमध्ये फोन करणारा स्वतःहून करतो, हा फरक मोठा आहे.

युरोपने 2018 मध्ये नियम केला आणि फेब्रुवारी 2021 पासून तिथल्या विमान कंपन्यांना असा आधार देणं बंधनकारक झालं. आपल्या डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेने, फेब्रुवारी 2023 च्या वैद्यकीय परिपत्रकात पीअर सपोर्ट सुरू करायला सुचवलं. मोहोळ यांच्या उत्तरातही त्याचा उल्लेख होता. सुचवणं आणि बंधनकारक करणं यांतलं अंतर आता मिटायला हवं.

आपल्या परिपत्रकात एटीसी कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणारेही आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनच्या आकाशात दोन विमानं धडकून 71 जण गेले. ते आकाश झुरिकहून सांभाळलं जाई आणि तेव्हा तिथे एक कंट्रोलर एकटाच दोन रडार पडदे सांभाळत होता. सहकारी विश्रांतीला गेलेला, मुख्य टेलिफोन यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद. युरोपचा 2018 चा नियम मात्र कॉकपिटमधल्यांपुरताच आहे. पहाटे चारला, शरीराचं तापमान सर्वांत खाली असताना, हँगरमध्ये टॉर्च तोंडात धरून बोल्ट तपासणारा आणि मग विमान सोडायला सही करणारा इंजिनिअर त्यात नाही. दारात हसत उभी असलेली केबिन क्रूमधली मुलगीही नाही. तो फोन नंबर त्यांच्याही खिशात हवा.